मातीत न जाणारी वीट

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले की खेड शिवापूरनंतर शिवरे गाव येते. शिवगंगेचे हे खोरे. राजगडाला, बनेश्वराला, भोरला जाणारी माणसे याच रस्त्याने जातात. महामार्गाच्या कडेला गाडी थांबते, चहा होतो, बिस्किटांचा पुडा फुटतो, पाण्याची बाटली रिकामी होते. माणसे पुढे जातात, बाटली आणि वेष्टन मागे राहतात. मोठा पाऊस झाला की ते ओढ्यात उतरतात. ओढा शिवगंगेला मिळतो, शिवगंगा गुंजवणीला, गुंजवणी नीरेला आणि नीरा भीमेला.

म्हणूनच या प्लास्टिकपासून रस्ते, पेव्हर ब्लॉक, फळ्या तयार होतात हे ऐकले की मनाला दिलासा मिळतो. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी रस्त्यासाठी दाखवलेली रीत साधी आहे. खडी साधारण १६० ते १७० अंशांपर्यंत तापवायची आणि तिच्यावर प्लास्टिकचा बारीक चुरा टाकायचा. चुरा वितळून प्रत्येक खड्याला पातळ थर चढवतो. त्यावर डांबर घट्ट बसते आणि पाणी आत मुरत नाही. एकपदरी रस्त्याच्या एका किलोमीटरमध्ये सुमारे एक टन प्लास्टिक खपते. २०१५ मध्ये केंद्र सरकारने शहरांजवळच्या महामार्गांसाठी ही रीत स्वीकारायला सांगितले आणि २०१८ मध्ये वासुदेवन यांना पद्मश्री मिळाली. वाळू आणि वितळलेले प्लास्टिक साच्यात दाबून पदपथावरचे ब्लॉकही केले जातात.

यात विचार करायला लावणारी एक गोष्ट आहे. प्लास्टिक कुजत नाही, हा त्याचा दोष म्हणून आपण सांगतो. रस्त्यात नेमका तोच गुण ठरतो. वस्तूचा स्वभाव बदललेला नसतो, फक्त तिला दिलेले काम बदललेले असते. पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशा पदार्थाला आपण दहा मिनिटांचे काम दिले. चूक त्या पदार्थाची नव्हती.

तरी एवढ्यावर समाधान मानता येत नाही. आपल्या गावांत काळी आणि पांढरी अशी जुनी वाटणी आहे. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. जुने घर पडले तर भिंतीची माती मातीला मिळे आणि तुळया, दारे दुसऱ्या घराला लागत. घरातला केर, राख, शेण उकिरड्यात जाई आणि वर्षाने खत होऊन काळीत परते. पांढरीने घेतलेले काळीला परत जायचे. आज त्याच उकिरड्यातल्या खताबरोबर गुटख्याच्या पुड्या आणि पिशव्यांच्या चिंध्या शेतात जातात. नांगराच्या फाळाला त्या अडकतात आणि पुन्हा बांधावर येऊन पडतात.

प्लास्टिकची वीटही या फेऱ्यात बसत नाही. ती भिंत पाडली तर तिचे काय करायचे, हे बांधतानाच ठरवावे लागेल. उन्हाने ती ठिसूळ होईल का, चाकांखाली झिजून तिचे कण ओढ्यात जातील का, आग लागली तर तिचा धूर कसा असेल, हे तपासूनच ती वापरायला हवी. अशी वीट म्हणजे कर्जाची फेड नव्हे, कर्जाची मुदत वाढवणे आहे. मुदतवाढही मोलाची असते, पण ती मिळाली म्हणून नवे कर्ज काढणारा माणूस शहाणा ठरत नाही. प्रायश्चित्ताची सोय झाली म्हणून पाप वाढवायचे नसते.

आणि ही मुदतवाढ आपल्याला मिळवून देतात ते हात आपण क्वचित पाहतो. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे तिच्यातूनच 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घडली. या कामातल्या बाया प्लास्टिक चुरगाळून, त्याचा आवाज ऐकून त्याची जात ओळखतात. हे कौशल्य बारीक आहे आणि त्याची गरज खरी आहे. पीव्हीसीचा तुकडा चुकून तापत्या मिश्रणात गेला तर त्यातून हायड्रोजन क्लोराइडसारखा विषारी वायू निघतो. यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत तो जातो. आपण आमटीत भिजलेली पिशवी, सॅनिटरी पॅड आणि फुटलेली काच एकाच डब्यात टाकतो, तेव्हा त्या बाईच्या बोटांचा विचार केलेला नसतो.

महाराष्ट्रात २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतीची किंमत छापण्याची अट होती. ती किंमत व्यवहारात रुजली नाही. पण त्यामागचा विचार खरा होता: पिशवी रिकामी झाली म्हणजे तिचा हिशेब संपला असे नाही.

तो हिशेब घरातूनच सुरू करता येतो. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, म्हणजे तो इवलासा तुकडा हरवत नाही. पिशवी विसळून वाळत टाकावी, कोरडी झाली की वेगळी द्यावी. शिवऱ्याच्या चहापाशी रिकामी झालेली बाटली गाडीतच ठेवून घरी आणावी. आणि त्याही आधी, जी वस्तू पुन्हा मातीला देता येणार नाही ती हातात घेताना क्षणभर थांबावे. पांढरीत राहणाऱ्याने काळीचे देणे विसरू नये, हा आपल्या गावांचा जुना धर्म आहे. वीट कशाचीही असो, तो धर्म पाळणारे घरच मजबूत म्हणायचे.