प्रेक्षकाची आशा

मनुष्याच्या हातून घडणाऱ्या कर्मांचा नीतिदृष्ट्या विचार आजवर पुष्कळ झाला आहे. परंतु ज्या गोष्टींत त्याचें स्वतःचें कांहींच कर्तृत्व नाहीं, अशा गोष्टींविषयीं तो जी आशा बाळगतो तिचा विचार तितकासा झालेला दिसत नाहीं. आशा हा मनाचा सहजधर्म. तिला बरी किंवा वाईट कशी म्हणावी, असें कोणी म्हणेल. आमचेंहि मत बरींच वर्षें असेंच होतें. तें बदलण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. तो प्रथम सांगून मग विचाराकडे वळूं.

२०२६ च्या जानेवारींत, संक्रांतीच्या सुमारास, आम्ही मुकुटबनास आमच्या धाकट्या भगिनीकडे गेलों होतों. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, झरी-जामणी तालुक्यांत, तेलंगणाच्या सीमेजवळ हें गांव आहे. काळी जमीन, तींत कपाशी व तूर, आणि अलीकडे चुनखडीच्या आधारानें उभा राहिलेला सिमेंटचा कारखाना, एवढ्यावर तेथील बहुतेकांचा संसार चालतो. दिवस वेचणीचे होते. भगिनीच्या पडवींत कापसाचा ढीग छताकडे सरकत होता, आणि त्या ढिगाला टेकून तिचा बारावींतला मुलगा वहीच्या कागदावर कसला तरी नकाशा काढीत बसला होता. तो पुणें जिल्ह्याचा नकाशा होता. त्यावर त्यानें घाट लाल शाईनें दाखविले होते, आणि प्रत्येक दिवसाच्या वाटेस निराळा रंग दिला होता.

चौकशी करितां कळलें कीं, १९ ते २३ जानेवारी या पांच दिवसांत पुण्यास सायकलींची मोठी शर्यत व्हावयाची होती. आरंभीची एक छोटी धांव व पुढें चार टप्पे मिळून ४३७ किलोमीटरांची. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या मान्यतेची, अनेक टप्प्यांची अशी शर्यत आपल्या देशांत प्रथमच होत होती. मुंबई-पुणें शर्यत आम्हांस ऐकून ठाऊक होती. बोरघाट सर्वांआधीं चढून जाणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणतात, हेंहि ठाऊक होतें. पण टप्प्यांच्या शर्यतीचा हिशेब निराळा असतो. तेथें रोजचा वेळ मिळवीत जातात, आणि ज्याच्या वेळेची एकूण बेरीज सर्वांत कमी तो विजयी होतो. म्हणून एखाद्या दिवशीं पहिला येणारा अखेरीस दहावा ठरूं शकतो, आणि एकहि टप्पा न जिंकणारा शर्यत जिंकूं शकतो. वाऱ्याशीं झुंजणाऱ्या पुढच्या स्वाराच्या आडोशास राहिलें तर मागच्याचे बरेच श्रम वांचतात. सबब ही शर्यत दिसावयास एकट्यादुकट्याची असली तरी लढली जाते ती संघांची. हें सर्व आमच्या भाच्यानें आम्हांस मोठ्या आस्थेनें समजावून दिलें. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं २०१७ सालीं अमेरिका देश एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकलीनें एकट्यानें, १२ दिवसांच्या मुदतीच्या आंत ओलांडला, तेव्हांपासून या पोरास हें वेड लागलें होतें. पुणें तेथून सहाशें-सातशें किलोमीटर. शिवाय घरांत वेचणी. प्रत्यक्ष पाहावयास जाण्याचा प्रश्नच नव्हता. तो नुसती वाट पाहत होता.

येथें आमच्या हातून चूक झाली. आम्ही हंसून म्हणालों, "अरे, वाट पाहावी अशी ही गोष्ट आहे काय? आज ज्याला डोक्यावर घेशील, त्याच्या रक्तांत उद्यां औषध सांपडेल." मुलगा कांहीं बोलला नाहीं, त्यानें नकाशाची घडी घातली. त्याचे वडील बाजूस कापसांतला कचरा निवडीत बसले होते. मान वर न करतां ते म्हणाले, "दादा, मृगानं तीनदा फसवलं म्हणून आपण वावर पडीत ठेवतो काय?"

त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या वेळीं सुचलें नाहीं. पुढें दोन दिवस आम्ही त्याचाच विचार करीत होतों.

प्रथम आमच्या बाजूनें जें जें म्हणतां येईल तें मांडूं. गीतेचा उपदेश असा कीं, कर्म करावें व फळाची आशा सोडावी. शर्यतीची वाट पाहणाऱ्या रसिकाचें वर्तन नेमकें याच्या उलट असतें. त्याच्या वांट्यास कर्म मुळींच नाहीं, आणि फळाची आशा मात्र अपार! घाम दुसऱ्याचा, आणि उत्कंठा याची. दुसरें असें कीं, ही उत्कंठा पुष्कळदां स्वयंभू नसते. ती व्यापारानें पेरलेली असते. फ्रान्स देशाची जगप्रसिद्ध शर्यत १९०३ च्या जुलैंत सुरू झाली ती 'लोतो' नांवाच्या वर्तमानपत्राचा खप वाढावा म्हणून. सहा टप्पे, २४२८ किलोमीटर. ६० स्वार निघाले आणि २१ पोंचले. रात्रींतून धांवणारे ते स्वार वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या दृष्टीस पडत. बाकीचे उद्यांच्या अंकाची वाट पाहत. म्हणजे तेथें विकली जात होती ती मुख्यत्वें वाट पाहण्याची गोडीच.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. लाखों लोकांची आशा ही ज्याच्यावर ती ठेविली जाते त्याला भारच होते. लोकांस दरसाल अधिक वेग, अधिक उंच घाट, अधिक अद्भुत पराक्रम हवा असतो. आणि मनुष्याचें शरीर तर तेंच राहतें. मग हें अंतर कशानें भरावयाचें? १९६७ च्या जुलैंत टॉम सिम्प्सन हा इंग्रज स्वार मों व्हांतू पर्वताच्या चढावर कोसळून मेला. त्याच्या शरीरांत उत्तेजक द्रव्य सांपडलें. १९९८ सालीं याच कारणासाठीं एक संघच्या संघ शर्यतींतून काढून टाकावा लागला. आणि कर्करोगांतून उठून १९९९ पासून ओळीनें सात वेळां जिंकलेल्या लान्स आर्मस्ट्राँग यांचीं सातहि विजेतेपदें २०१२ सालीं रद्द झालीं. रुग्णशय्येवरून उठलेल्या त्या मनुष्याकडे बोट दाखवून आम्ही वर्गांत इच्छाशक्तीवर व्याख्यानें दिलीं होतीं. त्या दिवसापासून आम्ही ही शर्यत पाहणें सोडलें, आणि त्या सोडण्यास शहाणपण असें नांव दिलें.

आतां तें नांव खरें होतें काय, हें पाहूं. मृगाची उपमा आमच्या मेहुण्यांनीं दिली ती जशीच्या तशी लागू पडत नाहीं, हें उघड आहे. मेघ कोणास वचन देत नाहीं, म्हणून तो कोणास फसवीतहि नाहीं. फसवितो तो मनुष्य. शिवाय शेतकऱ्याची आशा हात जोडून बसलेली नसते. तो सरकी टोबतो, पाऊस उलटला तर दुबार पेरणीसाठीं कर्ज काढतो. त्याच्या आशेमागें त्याचें सर्वस्व उभें असतें. ज्या जिल्ह्यांत या आशेपायीं किती घरें उघडीं पडलीं हें सर्वांस माहीत आहे, तेथें बसून आशेची स्तुति हलक्या तोंडानें करणें शोभणार नाहीं. परंतु एवढें वजा केल्यावरहि त्या प्रश्नाचा गाभा शिल्लक राहतो. फसवणुकीचा अनुभव हें आशा सोडण्याचें पुरेसें कारण आहे काय?

इतिहास पाहतां असें दिसतें कीं, या शर्यतींतली लबाडी शर्यतीइतकीच जुनी आहे. दुसऱ्याच वर्षीं, १९०४ सालीं, पहिले चारहि स्वार गैरप्रकारांबद्दल बाद ठरविण्यांत आले, आणि पांचवा आलेला कोर्ने नांवाचा तरुण विजयी म्हणून जाहीर झाला; त्याचें वय विशीच्या आंत होतें. बाद झालेल्यांत पहिल्या वर्षाचा विजेता गारँ हाहि होता. तरी १९०५ सालीं लोक पुन्हां रस्त्याच्या कडेला उभे राहिलेच. त्यांस आपण भाबडे म्हणावें काय? आम्ही तसेंच म्हणत होतों. पण त्या दिवशीं रस्त्यावर न जाणाऱ्यानें काय केलें असतें, याचा विचार करा. चौघांच्या अपराधाची शिक्षा त्यानें त्या कोर्नेला, आणि त्याच्यामागून धापा टाकीत येणाऱ्या प्रत्येक सचोटीच्या स्वारास दिली असती. सरसकट अविश्वास हा सावधपणाचा वेष घेऊन येतो खरा. परंतु तो वस्तुतः एक न्यायनिवाडा असतो, आणि तोहि आरोपीचें नांव न विचारतां केलेला.

या ठिकाणीं आशा आणि अपेक्षा यांतला भेद ध्यानांत घेतला पाहिजे. अपेक्षेंत मागणी असते; तिची भाषा सावकाराची. अमुक जिंकलाच पाहिजे, अमुक घाट गेल्या सालापेक्षां लौकर चढला गेलाच पाहिजे, असें ती बजावते, आणि तसें न झाल्यास रागावते. स्वारास जो भार होतो तो हिचा. आशेचें तसें नाहीं. तीहि फळाकडे पाहते, पण त्यावर हक्क सांगत नाहीं. ती अनोळखी मनुष्याच्या खात्यावर आपला विश्वास आधीं जमा करते, आणि तो बुडण्याची शक्यता स्वीकारून जमा करते. प्रेक्षकाच्या पदरीं कर्म नाहीं, हा आमचा पहिला आक्षेप म्हणूनच अपुरा आहे. विश्वास टाकणें हेंहि एक कर्मच आहे, आणि त्यांत गमवावें लागण्यासारखें कांहीं आहे म्हणूनच त्याला मोल आहे. आर्मस्ट्राँग यांच्या बाबतींत आम्ही जें केलें तें अपेक्षेंतच मोडत होतें. आम्हांस एक मनुष्य दिसत नव्हता. आमच्या व्याख्यानास एक दृष्टान्त हवा होता. तो मोडला, तेव्हां रागावलों ते आपला दृष्टान्त गेला म्हणून.

या शर्यतीच्या इतिहासांतील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९३४ सालीं रने व्हिएत्तो हा वीस वर्षांचा पोर फ्रान्सच्या संघांतून धांवत होता, आणि डोंगरांत त्याच्यासारखा चढणारा दुसरा नव्हता. पिरेनीज पर्वत उतरतांना संघनायकाच्या सायकलीचें चाक निकामी झालें. व्हिएत्तोनें आपलें चाक काढून त्यास दिलें आणि आपण रस्त्याच्या कडेला दगडी भिंतीवर बसून मदतीची गाडी येण्याची वाट पाहत रडला. दुसऱ्या दिवशीं नायक पुन्हां अडला. तेव्हां पुढें गेलेला हा मुलगा उलट फिरून चढ चढून आला, आणि त्यानें आपली सायकलच त्याच्या हवालीं केली. नायक ती शर्यत जिंकला; व्हिएत्तो पांचवा आला. त्या भिंतीवर बसलेल्या मुलाची वाट पाहणें आणि रस्त्याकडेच्या प्रेक्षकाची वाट पाहणें यांचें मोल एक नाहीं. मुलानें आपला विजय देऊन टाकला होता, प्रेक्षकानें फक्त आपला दिवस दिलेला असतो. पण असला मुलगा केव्हां कोणत्या वळणावर दृष्टीस पडेल हें अगोदर कोणासच ठाऊक नसतें. शर्यतीच्या निकालांत त्याची जागा पांचवी. ज्यानें फक्त पहिल्याची वाट पाहिली, त्यास तो दिसलाच नसता. आणि ज्यानें कोणाचीच वाट पाहिली नाहीं, त्यासहि नाहीं.

हें ध्यानांत आल्यावर आम्ही भाच्यास एक प्रश्न विचारला, जो खरें पाहतां आधींच विचारावयास हवा होता: तूं कोणाच्या जिंकण्याची वाट पाहतोस? तो म्हणाला, "जिंकतील तर बाहेरचेच, मामाजी. आपले पोरं किती जण शेवटपर्यंत टिकतेत, तेवढं पाहाचं आहे." आम्ही त्यास भाबडा समजत होतों, पण त्याचा हिशेब आमच्याहून चोख निघाला. पराभव जमेस धरूनहि त्याची आशा शाबूत होती, कारण ती प्रयत्नावर ठेविलेली होती, निकालावर नव्हती. जिला निकाल हिरावून नेऊं शकत नाहीं अशी आशा निष्काम कर्माच्या फार दूर आहे, असें आम्हांस आतां वाटत नाहीं.

तात्पर्य, औषधांची चौकशी झाली पाहिजे, अपराध्यास शासन झालें पाहिजे, आणि पाहणाऱ्यानें डोळे उघडे ठेविले पाहिजेत, याबद्दल आमचें दुमत नाहीं. मात्र डोळे उघडे ठेवण्याचें निमित्त करून मन मिटून घेणें, हें आम्ही १३ वर्षें केलें, आणि तें शहाणपण नव्हतें. तो नुकसानीला भिणाऱ्याचा काटकसरीपणा होता. स्वतः तो करणें एक वेळ क्षम्य. पण सतरा वर्षांच्या मुलाच्या नकाशाची घडी घालावयास लावणें क्षम्य नव्हे.

निघतांना आम्ही तो नकाशा पुन्हां पाहावयास मागितला. त्यानें दिला, पण जरा जपून दिला, आणि आम्ही तो परत करीपर्यंत जवळच उभा राहिला. त्यास आम्ही दोष देत नाहीं. १९ तारखेस आम्ही आपल्या घरीं होतों, तेव्हां मुकुटबनाहून फोन आला. "मामाजी, पाहून राहिले ना?" आम्ही म्हणालों, "हो. केव्हांचा बसलों आहें."