डिस्क आवरणं हे कोणतं कर्म?

मीमांसकांनी कर्माची वाटणी मोठ्या व्यवहारी डोक्याने केली आहे. नित्य कर्म रोजचं: केल्याने वेगळं पुण्य नाही, न केल्याने मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. नैमित्तिक कर्म निमित्त घडलं तरच. ग्रहण लागलं तर स्नान. काम्य कर्म फळाची इच्छा असेल त्याने करावं. पाऊस हवा असेल तर कारीरी इष्टी. आणि निषिद्ध ते कोणीच करू नये. सेनगावातल्या अडत दुकानांचे आणि पतसंस्थांचे सर्व्हर सांभाळणं हा माझा धंदा. ‘सर, मशीन लई स्लो झालंय, एकदा डीफ्रॅग मारून द्या,’ असा फोन आला की मला ही वाटणी आठवते. डीफ्रॅग, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे सलग लावणं, हे यातलं कोणतं कर्म?

जुन्या खतावणीत एखाद्या खात्याचं पान भरलं की मुनीम खाली ‘पुढे पान 212’ लिहायचा आणि खातं मधली पानं ओलांडून तिकडे चालू व्हायचं. सर्व्हरवरही तेच होतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढते, विक्रीच्या पट्ट्या धडाधड निघतात, हिशेबाची फाइल रोज थोडी फुगते. शेजारची जागा दुसऱ्या फाइलने अडवलेली असते, म्हणून पुढचा तुकडा मिळेल तिथे जातो. खातं तुटत नाही. कोणता तुकडा कुठे आहे, याची नोंद फाइल सिस्टीमकडे असते. विखुरलेलं सगळंच मोडलेलं नसतं.

तरी फिरत्या डिस्कवर या विखुरण्याची किंमत पडते. मिनिटाला 7200 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीची एक फेरी सुमारे 8.3 मिलिसेकंदांची. वाचणारं हेड जागेवर पोचलं तरी हवा तो भाग त्याच्याखाली येईपर्यंत सरासरी 4 मिलिसेकंद थांबावं लागतं; जागेवर पोचायचा वेळ वेगळाच. हजारो तुकडे झाले की मार्चअखेरीला ताळेबंद रखडतो. इथे डीफ्रॅग नैमित्तिक आहे. आधी नुसती तपासणी करायची, निमित्त दिसलं तरच पुढे जायचं. विंडोजचं स्वतःचं धोरणही असंच आहे: 64 एमबीहून मोठे तुकडे जोडण्याच्या फंदात ते एरवी पडत नाही, कारण एवढं सलग वाचून झाल्यावर एका उडीचा खर्च नगण्य असतो.

आता एसएसडी. आमच्या जिल्ह्यात नामदेवांची नर्सी आहे आणि विसोबा खेचरांची कथा जिथे घडली ते औंढा नागनाथही. पिंडीवर पाय ठेवून पडलेल्या विसोबांना नामदेवांनी हटकलं, तेव्हा देव नसेल अशी जागा दाखव, तिथे पाय ठेवतो, असं ते म्हणाल्याची कथा इथे पोराटोरांना ठाऊक आहे. एसएसडीचंही तसंच: तिच्यात तबकडी नाही, हेड नाही. सगळे कप्पे सारखेच जवळ. शिवाय झीज सगळीकडे सारखी वाटली जावी म्हणून तिचा कंट्रोलर डेटा स्वतःच हलवत असतो. विंडोजला दिसणारा क्रम हा आतला खरा क्रम नसतोच. तिथे तुकडे शेजारी-शेजारी आणून बसवण्यात लाभ जवळजवळ शून्य, आणि लिहिण्याने होणारी झीज मात्र खरी. हे निषिद्ध.

मग दर शनिवारी डीफ्रॅग मागणाऱ्याला नेमकं काय हवं असतं? विंडोज एक्सपीच्या काळात डीफ्रॅग चालू केलं की रंगीत पट्टा दिसायचा: तुकडे लाल, सलग फाइली निळ्या. लाल पुसलं जाऊन निळं होताना बघत बसण्यात समाधान होतं. व्हिस्टाने तो पट्टा काढून टाकला, पण मागणी राहिली. हे काम्य कर्म, आणि त्याचं फळ मशीनला नाही, बघणाऱ्याच्या मनाला.

नीटनेटकेपणाला स्वतःचं मोल नाही का? माझ्या मते नाही. काउंटरवर पट्टीची वाट पाहत, एसटी चुकेल म्हणून घड्याळाकडे बघणारा शेतकरी असतो. त्याचं ताटकळणं ज्याने कमी होईल ती व्यवस्था धर्म. बाकीची हौस.

नित्य कर्म या धंद्यात एकच: बॅकअप. घेतला तर कोणी शाबासकी देत नाही, नाही घेतला तर दोष टळत नाही. डीफ्रॅगच्या आधी तर तो हवाच. जुनी डिस्क रात्रभराच्या ताणाने मान टाकू शकते. विंडोजने ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती, म्हणजे शॅडो कॉपी, या हलवाहलवीत पुसल्या जाऊ शकतात. ब्लॉकनिहाय बॅकअप असेल तर हललेला प्रत्येक ब्लॉक त्याला बदललेला वाटतो आणि दुसऱ्या दिवशीचा बॅकअप फुगतो.

तेव्हा शेठजी, बॅकअप रोज घ्या आणि महिन्यातून एकदा तो उघडतो का ते पाहा. फिरती डिस्क असेल तर तपासणीने सांगितल्यावरच डीफ्रॅग करा. एसएसडीला हात लावू नका.