पीएफ काढून मोबाईल घेणाऱ्यांनो, ऐका!

बी.कॉम. झालात. चक्रवाढ व्याजाची गणितं फळ्यावर घडाघडा सोडवलीत. आणि पहिली नोकरी सोडल्यावर पहिलं काम काय केलंत, तर पीएफ काढलात! परवा तुमच्यातलाच एक जण पेढे घेऊन आला होता. नवी कंपनी, वाढलेला पगार. जुन्या पीएफचं काय केलंस, म्हणून विचारलं, तर त्याने खिशातून नवाकोरा मोबाईल काढून दाखवला. तोही हसत. हे हसण्यावारी नेण्याचं प्रकरण नाही, म्हणून आज सगळ्यांनाच सुनावतो आहे.

‘सर, पीएफ कापतात, हातात काहीच पडत नाही,’ हे रडगाणं आधी बंद करा. पगारपत्रक उघडा आणि नीट वाचा. बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये असतील, तर त्याचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये तुमचे जातात. तेवढेच १,८०० कंपनीला भरावे लागतात. त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात, उरलेले ५५० तुमच्या पीएफ खात्यात. म्हणजे दरमहा २,३५० रुपये तुमच्या नावावर साठतात आणि पेन्शनचा हक्क तयार होतो तो वेगळाच. याला कपात म्हणता? हा तुमचाच पगार आहे, फक्त तो म्हातारपणी हातात येणार आहे.

आता गणित. २०२४-२५ साठी पीएफवर ८.२५ टक्के व्याज होतं. हाच दर टिकला असं धरा. अठ्ठाविसाव्या वर्षी खात्यात असलेल्या एका लाखाचे अठ्ठावन्नाव्या वर्षी पावणेअकरा लाख होतात. वर एक पैसाही न घालता! महागाईने त्यांची किंमत घटेल, कबूल. पण मोबाईलची तीन वर्षांनी काय किंमत येते, तेही मला सांगा. परीक्षेत हे गणित बरोबर सोडवून मार्क घेतलेत आणि स्वतःच्या पैशाची वेळ आली तेव्हा अक्कल गहाण टाकलीत.

नोकरी बदलली की पैसे काढायचे नसतात, खातं नव्या कंपनीकडे वळवायचं असतं. त्यासाठीच तर २०१४ पासून बारा आकडी यूएएन दिला जातो. कंपन्या कितीही बदला, नंबर एकच. तो पाठ नाही तुमचा; क्रिकेटपटूंच्या धावा मात्र तोंडपाठ! सलग पाच वर्षांची नोकरी होण्याआधी रक्कम काढली, तर ती करपात्र ठरते. खातं वळवलं, तर आधीच्या कंपनीतली वर्षंही त्या पाचांत धरली जातात. आणि पेन्शन? दरमहा पेन्शन मिळायला किमान दहा वर्षांची नोकरी लागते. पीएफसोबत पेन्शनचेही पैसे उचललेत, तर तोवर भरलेली वर्षं पुसली जातात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. चार-दोन हजारांसाठी तुम्ही ही वर्षं विकता आहात.

आणखी एक निष्काळजीपणा मला मुळीच खपत नाही. खात्याला वारस लावलेला नसतो. ‘करू की सर, घाई काय!’ घाई तुम्हाला नाही, पण उद्या काही बरंवाईट झालं तर कागद घेऊन खेटे घालायला आईला लागतील. नोकरीत असताना सभासदाचा मृत्यू झाला, तर याच खात्याशी जोडलेल्या विमा योजनेतून घरच्यांना सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? लग्न झालं की वारसाची नोंद नव्याने करायची, हेही लिहून घ्या.

घरात आजार, शिक्षण, स्वतःचं घर अशी खरी गरज पडली, तर नियमांत बसेल तेवढी रक्कम जरूर काढा. त्याला माझी ना नाही. पण हौसेसाठी या पैशाला हात लावायचा नाही. तुमच्या आजोबांच्या शेतावर नाहीतर नोकरीच्या पेन्शनवर घर चाललं असेल. तुमच्यातल्या बहुतेकांच्या खासगी नोकरीत तसली पेन्शन नाही. पीएफच्या योजनेतून मिळणारी पेन्शन तुटपुंजी असते. तेव्हा शिल्लक तुम्हीच जपली पाहिजे.

आज रात्री रील बघायच्या आधी पासबुक उघडा. कंपनी दरमहा पैसे भरते की नाही ते तपासा. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ते भरणं तिच्यावर बंधनकारक आहे. जुनं खातं वळवा, केवायसी पूर्ण करा, वारस लावा. एवढं केल्याशिवाय मला पेढे द्यायला येऊ नका.