वाढणाऱ्याचें उत्तरदायित्व



मनुष्य जें खातो त्याचा परिणाम त्याच्या शरीरावर होतो, हें कोणास नव्यानें सांगावयास नको. परंतु जें अन्न आज गोड लागतें आणि वीस वर्षांनीं दुखणें आणतें, त्या अन्नाबद्दल दोष कोणाकडे, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. खाणाऱ्याची जीभ त्याच्या ताब्यांत नव्हती, म्हणून तोच दोषी, असें म्हणून आपण सहसा मोकळे होतों. हा निवाडा न्यायाचा आहे काय, ह्याचा आज थोडा विचार करूं.

विचारास आधार म्हणून एक घडलेली हकीकत सांगतों. जावा बेटावर डच लोकांचें राज्य असतां, इ. स. १८९० च्या सुमारास, तेथील बटाव्हिया शहरीं (ह्यासच आज जकार्ता म्हणतात) ख्रिस्तियान आइकमान नांवाचे डॉक्टर बेरीबेरी ह्या रोगाचें कारण शोधीत होते. ह्या रोगांत पायांतील शक्ति जाते, हृदय दुर्बळ होतें, आणि उपाय न झाल्यास रोगी दगावतो. डॉक्टरांनीं पाळलेल्या कोंबड्यांस तसाच रोग झाला, आणि कांहीं काळानें तो आपोआप नाहींसा झाला. चौकशी करतां असें कळलें कीं, मधल्या काळांत त्या कोंबड्यांस लष्करी इस्पितळांतील उरलेला पांढऱ्या तांदुळाचा भात घालीत असत. पुढें नवा आचारी आला. लष्कराचा भात बाहेरच्या कोंबड्यांस कां द्यावा, असें म्हणून त्यानें तो बंद केला. तेव्हां कोंबड्यांस पुन्हां कोंड्यासकट हलका तांदूळ मिळूं लागला, आणि त्या बऱ्या झाल्या.

मग १८९६ सालीं व्होर्डरमान नांवाच्या आरोग्य अधिकाऱ्यानें तेथील १०१ तुरुंगांची पाहणी केली. तुरुंगांत ज्या त्या भागाच्या रीतीप्रमाणें तांदूळ शिजत असे. जेथें पांढरा सडलेला तांदूळ मिळे, तेथें सुमारें ३९ कैद्यांमागें एकास बेरीबेरी झालेला आढळला. जेथें कोंड्याचा तांदूळ मिळे, तेथें दहा हजारांहून अधिक कैद्यांमागें एकास. आइकमान ह्यांस आरंभीं वाटलें कीं, पांढऱ्या तांदुळांत कांहीं विष असावें. परंतु त्यांच्यामागून काम चालविणारे ग्राइन्स ह्यांनीं १९०१ सालीं दाखविलें कीं, दोष तांदुळांत असलेल्या वस्तूचा नसून नसलेल्या वस्तूचा आहे. कोंड्यांतील तें सत्त्व १९२६ सालीं वेगळें काढण्यांत आलें. आज त्यास थायमिन म्हणतात.

ह्या हकीकतींत शोधापेक्षां त्या कैद्यांकडे माझें लक्ष अधिक जातें. त्यांनीं चवीसाठीं पांढरा भात मागितला नव्हता. जो पुढें आला तो त्यांनीं खाल्ला. वाढणाराच्या मनांतही कांहीं कपट नव्हतें. स्वच्छ, शुभ्र तांदूळ कोणास वाईट दिसेल? तरीही खाणाऱ्याचे पाय गेले. म्हणजे येथें खाणाऱ्यास खादाड म्हणतां येत नाहीं, आणि वाढणाऱ्यासही दुष्ट म्हणतां येत नाहीं. मग दोष नाहींच काय? नकळत झालें तोंवर नाहीं, असें मी म्हणेन. परंतु कळल्यानंतरही जो पूर्वीप्रमाणेंच वाढीत राहिला, त्यास तें म्हणतां येणार नाहीं.

कोणी म्हणेल, आपण कैदी नाहीं. आपल्या हातास धरून कोणी भरवीत नाहीं. खरें आहे. परंतु अमेरिकेंत बेथेस्डा येथें केव्हिन हॉल व त्यांच्या सोबत्यांनीं केलेला प्रयोग पाहा. तो २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. २० स्त्रीपुरुषांस संस्थेंतच ठेवून दोन आठवडे कारखान्यांत तयार केलेलें, साखर, मीठ, तेल, रंग व सुवास मिसळलेलें अन्न दिलें, आणि दोन आठवडे घरगुती रीतीनें साध्या जिनसांचें शिजविलेलें अन्न दिलें. दोन्ही वेळां समोर ठेवलेल्या अन्नांत साखर, मीठ, स्निग्धांश व चोथा ह्यांचें प्रमाण जुळविलें होतें, आणि हवें तितकें खाण्याची मोकळीक होती. कारखान्यांतील अन्नावर असतां तींच माणसें रोज सुमारें ५०० कॅलरी अधिक खाऊं लागलीं, आणि दोन आठवड्यांत त्यांचें वजन सुमारें एक किलोनें वाढलें. साध्या अन्नावर तें जवळजवळ तितकेंच उतरलें. विशेष हें कीं, एक अन्न दुसऱ्यापेक्षां अधिक रुचकर आहे असें त्यांनीं सांगितलें नाहीं.

तर मग, वाचकहो, हीं वीस माणसें एका पंधरवड्यांत अधाशी आणि दुसऱ्या पंधरवड्यांत संयमी झालीं काय? माणसें तींच होतीं. ताट बदललें होतें. संयम हा गुण थोर आहे ह्यांत शंका नाहीं, परंतु संयमाचा पराभव व्हावा अशाच रीतीनें जें अन्न बनतें, तें पुढें ठेवून खाणाऱ्यास संयमाचा उपदेश करणें हें न्यायाचें नव्हे.

हा प्रयोग चार आठवड्यांचा होता. पुष्कळ वर्षें चाललेल्या पाहण्यांत असें दिसून आलें आहे कीं, जे लोक कोंड्यासकट धान्य, कडधान्यें, भाज्या व फळें खातात, त्यांस हृदयविकार, मधुमेह व आंतड्याचा कर्करोग कमी होतो. बेरीबेरी कांहीं महिन्यांत दिसे. हे रोग वीस-तीस वर्षें लपून राहतात. आणि ते केवळ शहरांचे राहिले नाहींत. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय पाहणींत आपल्या देशांतील प्रौढांपैकीं शेंकडा ११ हून अधिक लोकांस मधुमेह असल्याचें आढळलें. खेड्यांतही हें प्रमाण शेंकडा ९ च्या जवळ होतें.

येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. अन्नावर माणसाच्या हाताचा संस्कार झाला म्हणजे तें बिघडलें, असें नव्हे. कोंकणांतील उकडा तांदूळ घ्या: भात उकडून मग सडल्यानें कोंड्यांतील सत्त्व दाण्यांत उतरतें. आंबविलेलें पीठ, विरजलेलें दूध, वाळविलेली मासळी, आयोडीन घातलेलें मीठ, हे सर्व माणसाच्याच हातचे संस्कार होत. विचारावयाचें तें इतकेंच: ह्या संस्कारानें अन्नांत भर पडली, कीं अन्नाचें अन्नपण काढून घेऊन केवळ गोडी शिल्लक ठेवली?

आतां आपल्या घराकडे येऊं. पाहुणा आला कीं ज्वारीची भाकरी पुढें ठेवण्यास आपणांस संकोच वाटतो, आणि दुकानांतील मैद्याचें बिस्कीट ठेवलें म्हणजे मान राखला असें वाटतें. नाचणीची आंबील गरिबीची खूण ठरते. मूल रडलें कीं पांच रुपयांचें पुडकें त्याच्या हातीं देतों. तें मूल त्या जावांतील कैद्यासारखेंच आहे. काय खावें हें त्यानें ठरविलेलें नसतें. जें वाढलें जातें त्याचीच त्यास गोडी लागते, आणि ती गोडी घेऊनच तें मोठें होतें. त्या गोडीचें देणें तें चाळिसाव्या वर्षीं फेडतें, आणि तेव्हां आपण त्यासच म्हणतों कीं, बाबा, तुझी जीभ फार वाईट!

परंतु येथें आईस एकटीला दोषी धरणें हाही अन्यायच होय. जी दिवसभर दुसऱ्याच्या शेतांत खुरपून दिवेलागणीस घरीं येते, तिला दळण, सरपण व भाकरी ह्यांपेक्षां पुडकें जवळचें वाटलें तर नवल काय? तिचा भार घरांतील पुरुषांनीं व मोठ्या मुलांनीं वांटून घ्यावा. भाकरी थापणें हें कमीपणाचें काम नव्हे. शाळेंत मुलांस जेवण देणाऱ्यांनीं, दुकान मांडणाऱ्यांनीं, कारखाना चालविणाऱ्यांनीं व कायदे करणाऱ्यांनींही आपापला वांटा उचलावा, कारण तेही वाढणारेच आहेत. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशानें २०१६ सालापासून फार साखर, मीठ वा चरबी असलेल्या पुडक्यांवर काळी अष्टकोनी खूण छापणें सक्तीचें केलें, आणि असें अन्न शाळांत विकण्यास मनाई केली. जो वाढतो त्यानें काय वाढतों तें सांगावें, हेंच त्या कायद्याचें मूळ.

तात्पर्य, जो खातो त्याचें उत्तरदायित्व आहेच. परंतु जो वाढतो त्याचें त्याहून मोठें, आणि ज्यास निवड करतां येत नाहीं अशास जो वाढतो त्याचें सर्वांत मोठें. आज संध्याकाळीं ताट मांडतांना प्रत्येकानें स्वतःस एवढेंच विचारावें: हें मी ज्याला वाढीत आहें, त्याच्या उतारवयांत त्याच्यासमोर उभें राहून, मींच हें तुला वाढलें, असें सांगावयास मला लाज तर वाटणार नाहीं ना?