दैवाचा क्रमांक पाचवा

घरी ग्लिसरीन साबण करून पाहणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते: माझ्या हाताला यशच नाही. साच्यातून काढताना काचेसारखी आरपार दिसणारी वडी दोन दिवसांत घामेजते, गुलाबाची पाकळी आत तपकिरी पडते, दोन रंगांचे थर सुरी लागताच सुटे होतात, आणि नशिबाला बोल लावून साचे माळ्यावर जातात. वाक्य नम्रतेचे वाटते, म्हणून त्याला कुणी हटकत नाही. माझे म्हणणे असे की ते नम्रही नाही आणि धार्मिकही नाही. ज्या गीतेच्या आधाराने आपण फळ देवावर सोडल्याचे सांगतो, त्याच गीतेच्या कसोटीवर ते टिकत नाही.

अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. म्हणजे कर्म ज्याच्या आधाराने घडते तो आश्रय, ते करणारा, त्याची साधने, त्याच्या नाना क्रिया, आणि सर्वांत शेवटी दैव. त्याला पाचवे असे मोजूनच म्हटले आहे. पुढे लगेच सांगितले आहे की एवढी कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला खरे दिसत नाही. आपण हे वचन यशाच्या गर्वाला लावतो. अपयशाला लावायचे विसरतो. वडी बिघडली ती माझ्याच हातामुळे, असे म्हणणारा माणूसही पाच कारणांतून एकच उचलतो, आणि ते स्वतःच असते. गर्वाइतकाच अहंकार इथेही आहे, फक्त तो खाली मान घालून बसलेला आहे.

घामाचेच घ्या. ग्लिसरीन हवेतली ओल ओढून घेते. तो त्याचा स्वभाव आहे आणि याच गुणासाठी ते साबणात हवे असते. पावसाळ्यात कोकणातल्या किंवा मुंबईतल्या हवेत उघडी ठेवलेली वडी म्हणूनच चिकट थेंबांनी भरते. साबण लवकर घट्ट व्हावा म्हणून साचा फ्रीजमध्ये ठेवला, तर बाहेर काढताच थंड पृष्ठभागावर हवेतले पाणी जमते आणि तक्रार वाढते. आता न्यायशास्त्रातली अन्वय-व्यतिरेकाची रीत इथे लावून पाहावी: कारण असताना कार्य दिसते का, आणि कारण काढून घेतल्यावर ते नाहीसे होते का? एकाच घाण्यातल्या दोन वड्या घ्याव्यात. एक निवताच प्लॅस्टिकच्या पातळ कागदात हवा न राहील अशी घट्ट गुंडाळावी, दुसरी शेजारीच उघडी ठेवावी. उघडीला घाम येतो, गुंडाळलेली कोरडी राहते. बेस, म्हणजे वितळवून साच्यात ओतायचा तयार साबण, तोच, साचा तोच, हातही तोच. हाताच्या यशाचा सिद्धान्त इथे संपतो.

बाकीच्या तक्रारींचे उत्तरही असेच साधनांत आणि क्रियांत सापडते. बेस थेट आचेवर उकळला की त्यातले पाणी उडते, तो दाट होतो आणि पारदर्शकपणा जातो. पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात, वितळेल एवढ्याच उष्णतेवर तो नीट राहतो. खालचा थर पार थंड आणि गुळगुळीत झाल्यावर वरचा ओतला तर दोघे एकमेकांना धरत नाहीत. पाकळीचा रंग बेसमधल्या ओलाव्याने आणि अल्कलीने बिघडतो. ताजे दूध किंवा फळाचा गर घातला तर तो नासणार, हे तर स्वयंपाकघरात रोज वावरणाऱ्याला सांगायला नको.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. फळाची आशा धरू नये असे गीता सांगते; मग बिघडलेली वडी उलटीपालटी करून तपासत बसणे ही आसक्तीच नाही का? याचे उत्तर त्याच अठराव्या अध्यायात आहे. परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य यांचा विचार न करता मोहाने आरंभलेल्या कर्माला तिथे तामस म्हटले आहे. म्हणजे परिणामाचा विचार ही आसक्ती नव्हे. तो न करणे हाच दोष आहे. बेस विकत न आणता तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून साबण करणाऱ्याला तर याची जाणीव क्षणोक्षणी हवी. १०० ग्रॅम खोबरेल तेलाला सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, तेवढ्याच एरंडेलाला सुमारे १३. खोबरेलाचे माप एरंडेलाला लावले तर उरलेला सोडा वापरणाऱ्याची कातडी भाजतो. ती वडी लहान मुलाच्या अंगाला लागणार असेल, तर वजन न करता देवावर हवाला ठेवणे याला भक्ती म्हणता येणार नाही. ती हिंसेकडे केलेली डोळेझाक आहे. सात्त्विक कर्ता यशापयशात निर्विकार असतो खरा, पण धैर्य आणि उत्साह हीही त्याचीच लक्षणे सांगितली आहेत, आणि तामस कर्त्याच्या लक्षणांत विषाद आहे. हातपाय गाळून बसणे कोणत्या रांगेत जाते, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. प्रत्येक बिघाडाचे कारण सापडत गेले तर दैवाला जागा कुठे उरते? १७७९ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने ऑलिव्ह तेलापासून ग्लिसरीन वेगळे केले आणि १८२३ मध्ये शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञाने चरबीच्या रचनेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या कितीतरी शतके आधीपासून लोक साबण करत होते. त्यांना जे गूढ होते ते आज शाळेच्या पुस्तकात आहे. मग दैव म्हणजे अज्ञानाचे दुसरे नाव, असे कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. शंकराचार्यांनी पाच कारणांच्या श्लोकातल्या दैवाचा अर्थ डोळ्यासारख्या इंद्रियांवर अनुग्रह करणारी सूर्यादी दैवते असा केला आहे. म्हणजे ज्याच्या कृपेने दिसते ते दैव. हा अर्थ घेतला तर दैवाच्या नावाने डोळे मिटणे आणखीच विसंगत ठरते. आणि दैव म्हणजे आपल्या ताब्याबाहेरचे, असा रूढ अर्थ घेतला तरी कारण कळल्याने ते ताब्यात येतेच असे नाही. आषाढातली दमट हवा का बाधते हे पुरते कळले म्हणून पाऊस थांबत नाही. फक्त वडी कधी गुंडाळायची ते कळते. उलट जितकी कारणे उलगडतात, तितके हेही उघड होते की चांगली निघालेली वडी माझ्या एकट्याची नव्हती. ही नम्रता तपासातून आलेली असल्यामुळे टिकते.

कुणी म्हणेल, साबणासारख्या क्षुल्लक गोष्टीला गीता कशाला? गीतेने शरीर, वाणी आणि मन यांनी होणारे कोणतेही कर्म या पाच कारणांखाली आणले आहे. लहान-मोठे असा भेद तिथे केलेला नाही. तेव्हा पुढचा घाणा लावाल त्या दिवशी जवळ वही ठेवा. बेस किती घेतला, किती तापवला, हवा कशी होती, वडी कधी गुंडाळली, हे लिहा, आणि बिघाड झालाच तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. चार रकाने भरल्यावरच पाचव्याकडे वळा.