नांदेड-लातूरचे मोठे शहर

नांदेड आणि लातूर भागातल्या कुटुंबांचे मोठे शहर गेल्या शंभर वर्षांत एकच राहिलेले नाही. आधी ते हैदराबाद होते, मग औरंगाबाद आणि मुंबई झाले, आता बहुतेकांसाठी ते पुणे आहे. राज्याच्या सीमा, रेल्वेचे रूळ आणि महाविद्यालये यांनी हा बदल घडवला. पण शहर आपले वाटते की परके, हे ठरत आले ते एका घरगुती प्रश्नावरून: गावाहून आलेल्या माणसाने वळकटी टाकायची कोणाकडे?

१९४८ पर्यंत दोन्ही गावे निजामाच्या राज्यात होती. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात मोडे; लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. वरच्या कोर्टातले अपील असो, सरकारी नोकरी असो की पदवी, माणसाला हैदराबाद गाठावे लागे. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. पुण्या-मुंबईकडे जाणे म्हणजे दुसऱ्या मुलखात जाणे. वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका लागे, निजामाचा हाली रुपया देऊन इंग्रजी कलदार घ्यावे लागत, आणि तिकडचे लोक या भागाला मोगलाई म्हणत. नांदेडवरून जाणारी मनमाड-सिकंदराबाद गाडी मीटर गेजवर धावे. हैदराबादेकडे जाताना बसल्या जागेवरून उठायला नको. मुंबईला जायचे तर मनमाडला सगळे सामान उतरवून मोठ्या गाडीत चढवायचे. लातूरला १९११ मध्ये पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेचे तोंड मात्र पश्चिमेकडे, कुर्डुवाडीकडे होते. तिच्या चिमुकल्या डब्यांतून शेतमाल पश्चिमेला गेला. शिकणारा आणि खटला लढणारा माणूस पूर्वेलाच जात राहिला.

हैदराबादेत काचीगुडा, सुलतान बाजार या बाजूला मराठी वस्ती होती आणि विवेकवर्धिनीसारखी शाळा होती. तिथे वकील, शिक्षक किंवा कारकून म्हणून स्थिरावलेला एक नातेवाईक गावाकडच्या भावकीतल्या कितीतरी मुलांचा आधार असे. नांदेडचे लेखक-विचारवंत नरहर कुरुंदकर यांचे उदाहरण यात बोलके आहे. शिक्षणासाठी ते हैदराबादला मामांकडे राहिले आणि हे मामा म्हणजे मराठीचे प्राध्यापक व अभ्यासक ना. गो. नांदापूरकर. भाच्याला केवळ छप्पर मिळाले नाही, पुस्तकांनी भरलेले घर मिळाले. इंटरची परीक्षा मात्र तिथे असताना काही त्यांना पार पडली नाही. ते नांदेडला परतले, शाळेत शिक्षक झाले आणि पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. त्या काळचा शहराचा अर्थ या प्रवासात दिसतो. शहरात जायचे ते काही घेऊन परत येण्यासाठी, तिथलेच होऊन राहण्यासाठी नव्हे. अशा घरांत चार-दोन मुले कायम पाहुणी असत. त्यांनी बाजार करावा, पाणी भरावे, धाकट्यांचा अभ्यास घ्यावा, अशी न सांगता ठरलेली वाटणी असे. शिकून मोठे झालेल्यांच्या चरित्रांत मामाचे नाव येते. रोज त्या सगळ्यांच्या भाकरी थापणारी मामी सहसा येत नाही.

ही सोय सर्वांना नव्हती. शहरात वकील किंवा प्राध्यापक नातेवाईक असणे हे मूठभर जातींचे आणि घरांचे भाग्य होते. ज्याचे शहरात कोणी नाही त्याला संस्था लागते. १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तिथल्या वसतिगृहांनी मराठवाड्यातल्या दलित मुलांना शहराचे दार उघडून दिले. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. नातेवाइकाच्या ओसरीची जागा वसतिगृहाच्या कॉटने घेतली, हा या इतिहासातला सर्वांत मोठा बदल म्हणावा लागेल. राजधानी बदलली, त्यापेक्षाही मोठा.

राजधानीही बदललीच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. लातूर भागातल्या दोन नेत्यांची शिक्षणे शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो. चाकूरचे शिवराज पाटील, जन्म १९३५, उस्मानियातून पदवी घेऊन कायद्यासाठी मुंबईला गेले. त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान असलेले बाभळगावचे विलासराव देशमुख थेट पुण्यात शिकले. सामान्य माणसाला मात्र मुंबई बराच काळ कामापुरतीच राहिली. उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ १९८१ मध्ये आले. तोवर अपिलासाठी मुंबई गाठावी लागे. चाळीच्या खोलीत नातेवाइकाकडे जागा नसली की आमदार निवासात गावच्या आमदाराच्या खोलीत सतरंजी पसरायची. मुंबईत नांदेड-लातूरकरांचा मामा आमदारच होता, असे म्हटले तरी चालेल.

पुण्यात पाया आधी संस्थेने घातला. नांदेडचे शंकरराव चव्हाण यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये मराठवाडा मित्र मंडळ स्थापन झाले, ते मराठवाड्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय व्हावी म्हणून. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्याजवळ वाघोलीला नेली. या मुलांनी शहर निवडले नव्हते. गावच जमीनदोस्त झाले होते. त्यानंतर पिंपरी-चिंचवड, चाकणचे कारखाने आणि हिंजवडीच्या कंपन्यांनी ओघ वाढवला. आधी कॉट बेसिस, मग तिघांत एक खोली, मग कर्जाचा फ्लॅट. हैदराबादेतून गावी परतणारा विद्यार्थी पुण्यातून परतेनासा झाला.

इथे पाहुण्याची दिशा उलटी झाली. पूर्वी भाचा मामाकडे जाई, आता आई-वडील मुलाकडे जातात. उदगीर, अहमदपूर, नांदेडहून रात्री निघालेल्या ट्रॅव्हल्स पहाटे पुण्यात शिरतात तेव्हा डिकीतून पिशव्या निघतात त्या ज्वारीचे पीठ, तूरडाळ, येसर, करडईच्या तेलाचा डबा अशा. सगळे पुण्यात विकत मिळते, हे आणणाऱ्यालाही ठाऊक असते. पण रिकाम्या हाताने लेकाच्या दारात जायचे नसते. आठ-पंधरा दिवसांत सोसायटीच्या बंद दारांना कंटाळून, शेताचे निमित्त सांगून मंडळी परतीचे तिकीट काढायला लावतात. लेकाच्या घरी आपण पाहुणे झालो, हे मामाकडे कधी पाहुण्यासारखे न वागलेल्या पिढीला जड जाते.

तिकडे लातूर स्वतःच कोणाचे तरी मोठे शहर झाले आहे. ‘लातूर पॅटर्न’ या तिथल्या शिकवण्याच्या पद्धतीच्या नावलौकिकामुळे दहावीनंतरची मुले राज्यभरातून तिथे येऊन खोल्या भाड्याने घेतात, नांदेडच्या शिकवण्यांचीही तीच गत आहे. त्यांना जेवण पुरवणाऱ्या मेस आणि खोल्या देणारे घरमालक हा तिथला मोठा व्यवसाय आहे. आणि हैदराबादही सुटलेले नाही. देगलूर, बिलोली, मुखेड तालुक्यांतले मजूर आजही कामाला तिकडेच जातात, कारण पुण्यापेक्षा ते कितीतरी जवळ आहे.