मान्य केलेली अट आणि न्याय्य परतावा

दिलेला शब्द पाळावा, ही शिकवण आपल्या घराघरांत लहानपणापासून दिली जाते. करार हाही दिलेला शब्दच होय. परंतु करारातील अट अक्षरशः बजावली म्हणजे न्याय झाला, असे म्हणता येईल काय? हा प्रश्न आज चिमूर तालुक्याच्या वेशीवर उभा आहे. ताडोबाच्या अरण्यात शिरण्याचे कोलारा प्रवेशद्वार याच तालुक्यात आहे. पर्यटकांसाठी तेथे निवासस्थाने झाली आहेत. खोल्या बऱ्याच आधी आरक्षित होतात. आणि आरक्षण रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. जमिनीच्या व्यवहारात इसार बुडतो, तसाच हा प्रकार.

समजा, नागपूरच्या एका कुटुंबाने मे महिन्यातील तीन रात्रींसाठी 18,000 रुपये भरले. चार दिवस आधी आजोबांना हृदयविकाराचा झटका आला आणि सहल राहिली. कुटुंब म्हणते, ‘यात आमचा काय दोष?’ मालक म्हणतो, ‘मग माझा तरी काय दोष?’ दोघेही खरेच बोलत आहेत.

मालकाची बाजू आधी ऐकू या. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, ताडोबाचे गाभाक्षेत्र पर्यटनास बंद असते. म्हणून वर्षाची मिळकत उरलेल्या महिन्यांतच साधावी लागते. एका कुटुंबासाठी राखलेली खोली दुसऱ्या कुटुंबाला नाकारलेली असते. शिवाय पाहुणा आला नाही तरी स्वयंपाकिणीची आणि झाडलोट करणाऱ्याची मजुरी चुकत नाही. मजुराचे वेतन रात्रभरही अडवून ठेवू नये, अशी लेवीय ग्रंथाची आज्ञा आहे. तेव्हा परताव्याची अट घालणारा प्रत्येक मालक लोभी असतो, असे मानणे अन्यायाचे होईल.

परंतु अट कशासाठी असते? हानीपासून रक्षण व्हावे यासाठी. दुसऱ्याच्या संकटातून नफा मिळावा, यासाठी नव्हे. संत थॉमस अक्विनास यांनी ‘सुम्मा थिऑलॉजिया’ या ग्रंथात खरेदीविक्रीचा विचार करताना हाच भेद केला आहे. वस्तू दिल्याने विक्रेत्याची जी हानी होते, ती त्याला किमतीत धरता येते. केवळ समोरच्याची गरज मोठी आहे म्हणून किंमत वाढवता येत नाही. पोप लिओ तेरावे यांनी 1891 च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात मजुरीच्या संदर्भात सांगितले की, दोन पक्षांच्या संमतीहूनही नैसर्गिक न्याय श्रेष्ठ आहे. आपला 1872 चा करार कायदाही याच दिशेने बोलतो. त्याच्या कलम 74 नुसार, करारभंगासाठी रक्कम आधीच ठरलेली असली तरी तिच्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई देय ठरते.

आता हिशेब मांडू. त्याच तीन रात्रींपैकी दोन रात्री मालकाने ती खोली दुसऱ्यास 12,000 रुपयांना दिली, तर त्याची हानी फार तर 6,000 रुपयांची आहे. उरलेले 12,000 रुपये परत करणे ही दया नव्हे, ते न्यायाचे ऋण आहे. कारण एकच रात्र दोघांना विकता येत नाही. खोली रिकामीच राहिली, तर मात्र न्याय मालकाच्या बाजूचा आहे. न झालेला खर्च वजा करून बाकीची रक्कम तो ठेवू शकतो. त्यापुढे त्याने दुसरी तारीख दिली, किंवा काही रक्कम सोडली, तर ती त्याची प्रीती. प्रीतीची विनंती करता येते, मागणी करता येत नाही.

हा भेद विसरला की काय होते, हे 2020 साली जगाने पाहिले. करोनाच्या साथीत एअरबीएनबी या कंपनीने 14 मार्च रोजी, घरमालकांच्या अटी बाजूला सारून, ठरावीक काळातील आरक्षणांचे पूर्ण पैसे पाहुण्यांना परत देण्याचे जाहीर केले. पाहुण्यांना दिलासा मिळाला. पण त्या उत्पन्नावर कर्जाचे हप्ते फेडणारे घरमालक अडचणीत आले. महिनाअखेर कंपनीच्या प्रमुखाने मालकांशी न बोलता निर्णय घेतल्याबद्दल क्षमा मागितली आणि त्यांच्यासाठी 25 कोटी डॉलर जाहीर केले. त्यातून मालकांना, त्यांच्या अटींनुसार मिळाले असते त्याच्या चौथा हिस्सा मिळणार होता. दुसऱ्याच्या खिशातून केलेले औदार्य हे औदार्य नसते. संकट कोणाचाच अपराध नसतो, तेव्हा त्याचा सगळा भार एकाच खांद्यावर टाकणे न्यायाला धरून नाही.

परतावा मागणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे, ते म्हणजे सत्य. नुसता बेत बदललेला असताना आजारपणाचा खोटा दाखला जोडणारे आपल्यातही आढळतात. ‘एवढ्या श्रीमंत मालकाचे काय जाते?’ असे त्याचे समर्थन होते. परंतु त्या दाखल्याने केवळ मालक फसत नाही. उद्या ज्याचे आजोबा खरोखरच रुग्णालयात असतील, त्याच्या शब्दावरचा विश्वास आपण आज खर्चून टाकतो. अटी दिवसेंदिवस कठोर होतात, त्याचे हेही एक कारण आहे.

म्हणून सुट्टीचे आरक्षण करण्यापूर्वी अट वाचावी. मुलांनाही वाचून दाखवावी. अडचण येताच, अखेरच्या दिवसाची वाट न पाहता, मालकास कळवावे, म्हणजे त्याला दुसरा पाहुणा शोधता येईल. जे घडले तेच सांगावे आणि त्याची हानी किती झाली, हे आधी विचारावे. मालकानेही पाहुण्याला अट दाखवण्यापूर्वी स्वतःची वही उघडून पाहावी. हानीहून अधिक जे वहीत उरले असेल, ते त्याचे नाही.